गाडी जागची हलताना येणारा आवाज : तुमचे अनुभव सांगा

रानजाई :

आषाढात आईकडे गेले होते, त्यामुळे पुण्यात सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये गाडी १९ दिवस उभी राहिली. परवा सकाळी ती सुरू केली, पहिला गिअर टाकून क्लच हळूहळू सोडला, तरी गाडी जागची हलेना. किंचित जोर दिल्यावर मागून ‘ठण्ण’ असा आवाज आला आणि बांधलेले जनावर दावे तुटून सुटावे तशी ती पुढे गेली. मी स्टीअरिंग धरून तशीच बसून राहिले, कारण तो आवाज ऐकताच मला वडिलांची प्रीमिअर पद्मिनी आठवली.

कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणाऱ्या त्या गाडीचे इंजिन पुढे असे, पण ओढ मागच्या चाकांना असे आणि ती ओढ मागे नेणारा लांब शाफ्ट गाडीच्या पोटाखालून जाई. आमची पद्मिनी रोज सकाळी निघताना एकदाच ‘टक्’ असे वाजत असे. दोन ठिकाणी दाखवल्यावर दोन्हीकडे ‘डिफरन्शिअल गेला’ (म्हणजे मागच्या दोन चाकांना ओढ वाटून देणारा दातेरी चक्रांचा संच) असे सांगण्यात आले आणि खर्चाचा जो आकडा ऐकवला गेला, तो वडिलांना पेलणारा नव्हता. मग एका रविवारी त्यांनी मला, तेव्हा मी ९ वर्षांची होते, गाडीच्या बाजूने चालायला लावले. ते क्लच सोडून हातभर पुढे जात, थांबत, पुन्हा हातभर मागे येत, आणि मी आवाज नेमका कुठून येतो ते सांगायचे. मी सांगितले की तो मागून येत नाही, मधून येतो.

त्यांनी इंजिन बंद केले, चारही चाकांना दगड लावले आणि टॉर्च घेऊन ते गाडीखाली शिरले. थोड्या वेळाने त्यांनी मलाही वाकून बघायला सांगितले. शाफ्टच्या जोडावरच्या क्रॉसच्या टोप्यांभोवती गेरूसारखी तांबूस पूड साठली होती. आतल्या सुईसारख्या रोलरांमधले ग्रीस वाळून गेले की ते गंजतात आणि झिजतात व तीच पूड बाहेर येते, असे त्यांनी सांगितले. शाफ्ट हाताने धरून त्यांनी जरासा पिळला आणि रोज सकाळचा तोच ‘टक्’ तिथे वाजला. फक्त क्रॉस बदलला आणि आवाज गेला.

तेव्हापासून त्यांचे तीन प्रश्न माझ्या मनात कायमचे बसले आहेत. आवाज एकदाच येतो की पुन्हा पुन्हा? चाकाच्या वेगाबरोबर तो वाढतो का? आणि ब्रेक, क्लच, स्टीअरिंग यांपैकी कशाला हात-पाय लावल्यावर तो येतो? माझा परवाचा ‘ठण्ण’ मला कळला आहे, पण गाडी मागे घेऊन पुढे निघाले की पुढच्या बाजूने एक बारीक ‘टक्’ अजून येतो आणि तो मला सापडलेला नाही. तुमचेही अनुभव कृपया लिहा.

डोंगरवाट :

तुमचा ‘ठण्ण’ आम्हां महाबळेश्वरकरांच्या रोजच्या ओळखीचा आहे. इथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि धुके गाडीच्या आत शिरते की काय असे वाटावे इतकी ओल असते. हँडब्रेक ओढून गाडी ठेवली की मागच्या ड्रमच्या आतल्या ब्रेक शूचे अस्तर गंजलेल्या ड्रमला घट्ट चिकटते. मी पहिल्या पावसाळ्यात नवखेपणाने जोर लावत राहिलो आणि अस्तराचा तुकडाच निखळून ड्रममध्ये अडकला. तेव्हापासून सपाट जागी गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवतो, चाकाला दगड लावतो आणि हँडब्रेक ओढत नाही. चिकटलेच तर एक्सलरेटर न रेटता गाडी हलकेच पुढे-मागे झुलवावी, आणि तरीही सुटले नाही तर मेकॅनिकला जागेवर बोलवावे.

खारावारा :

रत्नागिरीला समुद्राच्या वाऱ्यामुळे एका रात्रीत पुढच्या डिस्कवर तांबूस थर चढतो. सकाळी पहिल्या दोन-तीन ब्रेकना ‘खर्र’ असे घासल्यासारखे वाजते आणि मग डिस्क आरशासारखी स्वच्छ होते. ते जाते, म्हणून काळजी नाही. दिवसभर घासत राहिले, तर मात्र पॅड संपले का ते बघावे. बाकी नंतर लिहीन, दूध उतू जात आहे.

माळरान :

मला एक अनुभव कळकळीने सांगायचा आहे, कारण त्या दिवशी मुले गाडीत होती. सोलापूरला जायच्या आदल्या संध्याकाळी मी टायर अदलाबदल करून घेतले होते. सकाळी निघताना डावीकडून ‘टक… टक… टक’ असा संथ आवाज आला आणि वेग वाढला तसा तोही भरभर येऊ लागला. टायरच्या खाचेत खडा अडकला असेल असे समजून मी तसाच पुढे गेलो, कारण खडाही अगदी असाच वाजतो. गावाबाहेर पडेपर्यंत स्टीअरिंग थरथरू लागले. उतरून पाहिले तर डाव्या चाकाचे दोन नट बोटांनी फिरत होते आणि नटाच्या भोकाभोवती रिमवर चकचकीत ओरखडे उमटले होते. ज्यांनी टायर बसवले त्यांच्या हातून ते राहिले होते, पण तपासणे माझेही काम होते. चाक काढले गेले असेल आणि त्यानंतर नवा आवाज येत असेल, तर आधी नट बघा. शंभरेक किलोमीटरनंतर ते पुन्हा एकदा आवळून घेणेही आवश्यक असते.

शेवंती_७२ :

बाप रे! मुले सुखरूप आहेत हे वाचून बरे वाटले. मी आत्ताच खाली जाऊन आमच्या गाडीचे नट पाहून येते, परवाच पंक्चर काढले आहे.

उतरण :

ऑटोमॅटिक गाडीवाल्यांसाठी सांगते. आमच्या इमारतीचा रॅम्प चढाचा आहे. ‘पी’मध्ये (पार्क) टाकून ब्रेकवरचा पाय काढला की गाडीचा सगळा भार गिअरबॉक्समधल्या एका छोट्या खुंटीवर येतो. सकाळी ‘पी’मधून बाहेर काढताना ती खुंटी ‘धाड’ असा आवाज करून सुटायची आणि माझ्या पोटात गोळा यायचा. आता मी पाय ब्रेकवर ठेवून आधी ‘एन’मध्ये (न्यूट्रल) येते, हँडब्रेक ओढते, पाय हळूच सोडून गाडी हँडब्रेकवर टेकू देते आणि मगच ‘पी’मध्ये टाकते. सकाळी निघताना उलट क्रमाने. तेव्हापासून आवाज आलेला नाही. डोंगरवाट म्हणतात तो चिकटण्याचा धोका मला ठाऊक आहे, पण चढावर हँडब्रेकला पर्याय नाही, आणि माझी गाडी रोज चालते.

नवाकोरा :

मागच्या महिन्यात पहिली गाडी घेतली. सुरू करून साधारण दहा-पंधराच्या वेगाला पोहोचलो की पुढून ‘टुक-घुर्र’ असे काहीतरी वाजते. दर वेळी सुरू केल्यावर एकदाच. हे बिघाडाचे लक्षण आहे का? मी रात्री नीट झोपलेलो नाही.

कार्यशाळा_निवृत्त :

नवाकोरा, निश्चिंत झोपा. तो एबीएसचा, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, पंप स्वतःची चाचणी घेतो. भारतात एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस बंधनकारक झाले आणि तेव्हापासून हा प्रश्न मला सोसायटीतले लोक सारखे विचारतात. डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा चालू राहिला तरच दाखवायला जा. त्याच सुमारास दारे आपोआप कुलूपबंद होण्याचाही एक ‘खट’ अनेक गाड्यांत असतो.

रानजाई, आपल्या वडिलांची पद्धत अगदी योग्य होती. आम्ही बसगाड्यांवर ३१ वर्षे हेच करत आलो. आता आपल्या ‘टक्’विषयी. स्टीअरिंग पूर्ण वळवून निघताना ‘कट्-कट्-कट्’ असे ओळीने वाजले असते, तर मी सीव्ही जॉइंट, म्हणजे वळणाऱ्या पुढच्या चाकाला ओढ पोहोचवणारा सांधा, म्हटले असते. त्याचे रबरी बूट फाटले की रिमच्या आतल्या अंगाला काळ्या ग्रीसचे शिंतोडे दिसतात. क्लच सोडताना संपूर्ण गाडीला धक्का बसून ‘धप’ झाले असते, तर इंजिनाचे फाउंडेशन, म्हणजे इंजिन ज्यांवर बसते ते रबरी आधार, पाहिले असते. पण आपण म्हणता की मागे घेऊन पुढे निघाल्यावरच येतो. तो पुढे निघाल्यानंतरच्या पहिल्या ब्रेकला येतो का, आणि दिशा न बदलता पुन्हा ब्रेक दाबला तर येत नाही का, हे बघून सांगा. ब्रेक पॅड आपल्या ब्रॅकेटमध्ये किंचित मोकळे असते. दिशा बदलली की डिस्क त्याला दुसऱ्या टोकाकडे ढकलते आणि ते तिथे आपटते. थोडेसे आपटणे स्वाभाविक आहे, पण बाहेर ऐकू येण्याइतके वाजत असेल, तर पॅडला धरून ठेवणारी पातळ पोलादी क्लिप एक तर सैल आहे किंवा तिथे नाहीच.

उत्तरवारा :

मिनियापोलिसहून लिहितो आहे. इथे जानेवारीत गाडी दोन आठवडे बाहेर उभी राहिली की टायरचा जमिनीवर टेकलेला भाग चपटा होऊन तसाच आखडतो. निघाल्यावर पहिले काही किलोमीटर ‘धप धप’ असे बैलगाडीच्या चाकासारखे वाजते आणि टायर तापले की आपोआप थांबते. पहिल्या हिवाळ्यात मी भीतीने चारही टायर बदलायला निघालो होतो. शेजारच्या वृद्ध गृहस्थांनी अडवले. चाकाच्या आत बर्फ साचून गोठला असेल तर मात्र उलट होते, वेग वाढला की थरथर वाढते. निघण्यापूर्वी मी केरसुणीच्या दांड्याने तो पाडतो.

गव्हाळ :

आवाजाआधी बॉनेटवर दोन थापा माराव्यात, ही सवय सर्वांनी लावून घ्यावी अशी विनंती आहे. थंडीत मांजरे उबेसाठी इंजिनाशेजारी झोपतात. आमच्या गल्लीतले एक पिल्लू याच कारणाने गेले. जास्त लिहवत नाही.

शेवंती_७२ :

गव्हाळ, वाचून गलबलले. आमच्याकडेही एक करडी मांजर आहे, तीही चाकावर बसते. उद्यापासून नक्की थापा मारेन. आणि माळरान, आमचे नट घट्ट आहेत.

परदेशी_पाहुणा :

म्युनिकमध्ये विजेची गाडी चालवतो. ताशी २० किलोमीटरपर्यंत ती जो गुणगुणण्यासारखा आवाज करते, तो पादचाऱ्यांसाठी मुद्दाम दिलेला असतो. युरोपीय संघात जुलै २०२१ पासून नव्या विजेच्या गाड्यांना तो सक्तीचा आहे. आईला तो बिघाड वाटला होता. खारावारा यांनी लिहिलेला गंज मात्र या गाड्यांत जास्त दिसतो, कारण मोटरच गाडीला आवरते आणि खरे ब्रेक फार क्वचित लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा, मागे कोणी नाही हे पाहून, मी जरा जोरात ब्रेक दाबतो.

रानजाई :

सर्वांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी भाऊ आला होता. मी त्याला गाडीच्या बाजूने चालायला लावले आणि पार्किंगमध्ये हातभर मागे, हातभर पुढे असे केले. काका, तुम्ही म्हणालात तसेच निघाले : पुढे निघाल्यानंतरच्या पहिल्या ब्रेकला ‘टक्’, दुसऱ्याला शांत. आज चाक काढून घेतले. मे महिन्यात पॅड बदलले होते, तेव्हा उजवीकडच्या वरच्या क्लिपा परत बसवल्याच गेल्या नव्हत्या. ब्रॅकेटच्या त्या खाचेत पॅडच्या कानाने घासून एक चकचकीत रेघ पडली होती. नव्या क्लिपा बसवल्या आणि आवाज गेला. भाऊ म्हणाला, बाबांनी तुला गाडीबरोबर चालायला लावले तेव्हा मी पाळण्यात होतो, माझी पाळी आज आली.

डोंगरवाट, एक विचारायचे राहिले. चाकाला दगड तुम्ही एकाच बाजूने लावता की दोन्ही बाजूंनी?

डोंगरवाट :

सपाटीवर एका मागच्या चाकाला पुढून आणि मागून, असे दोन. दगडाऐवजी लाकडी पाचर असेल तर अधिक चांगले, फक्त निघताना ती काढून डिकीत ठेवायला विसरू नका.