अक्षर उमटायला उशीर का लागावा?

रिकामा_स्टॅक

संगणकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. परीक्षेपुरतं करतो त्याहून हौसेने जास्त करतो, तेव्हा खालचं सगळं एका हौशी पोराचं मत समजावं. चुकलो तर कान धरा.

म्हणणं एवढंच, की रोजच्या वापरातलं सॉफ्टवेअर जड झालंय कारण बनवणाऱ्याला त्याचं ओझं कधी उचलावंच लागत नाही.

माझ्याकडे ताईचा जुना लॅपटॉप आहे. रॅम ४ जीबी, डिस्क अजून गरगर फिरणारी. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, ते यात नाही. म्हणून लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली) टाकलं, वर एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप. मशीन तरतरीत झालं. मग गप्पांचं एक ॲप उघडलं. कुणी चकार शब्द लिहिलेला नसताना त्याने सहाशे एमबी गिळले. आत डोकावलं तर इलेक्ट्रॉन. म्हणजे ॲपच्या पोटात अख्खा क्रोमियम ब्राउझर. अशी तीन ॲप उघडली की तीन ब्राउझर, आणि चौथा खरोखरचा.

चिडून स्वतःचा टेक्स्ट एडिटर लिहिला, टर्मिनलमध्ये (नुसत्या मजकुराच्या खिडकीत) चालणारा. सी भाषा, ११०० ओळी. साल्वातोरे सान्फिलिप्पो यांनी २०१६ मध्ये 'किलो' नावाचा हजार ओळींच्या आतला एडिटर खुला केला होता, त्याचा कोड वाचत शिकलो. एंटर मारला की उघडतो, की दाबली की अक्षर उमटतं.

त्यावरून ठाम झालेली मतं: पहिली भाषा सीच हवी, पायथॉन नंतर. मेमरी कुठून येते नि कुठे जाते हे ज्याला माहीत नाही तो ती उधळणारच. विंडोज म्हणजे अडगळीचा माळा आहे, आजही त्यावर 'कॉन' नावाचा फोल्डर नेहमीच्या रीतीने करता येत नाही. आणि प्रोग्रामर मंडळींना आठवड्यातून एक दिवस ४ जीबीच्या मशीनवर बसवावं.

बोला.

पगारी_हमाल

ओझं उचलावं लागत नाही? माझं नाव वाच.

आम्ही पाच जण आहोत. गिऱ्हाईक विंडोजवर आहे, मॅकवर आहे, आणि तुझ्यासारखी चार टाळकी लिनक्सवर. तिन्हींसाठी वेगवेगळं लिहायचं तर तीन कोड, तीन तऱ्हेचे बग, आणि माणसं तीच पाच. मग पहिलं काय कापलं जाईल? चार टाळकी. तुझ्या लिनक्सवर ते ॲप मुळात आहे तेच इलेक्ट्रॉनमुळे, एकच कोड तिन्हींकडे चालतो म्हणून. शिव्या घालायला तरी ते तुला मिळालं.

आता कॉन. विंडोजच्या आधीच्या डॉसच्या पहिल्या आवृत्तीत फोल्डर नव्हतेच, ते १९८३ मध्ये दुसऱ्या आवृत्तीत आले. तोवरचे प्रोग्राम नुसतं नाव घेऊन उपकरणाशी बोलायचे. कॉन म्हणजे कीबोर्ड आणि पडदा, पीआरएन म्हणजे प्रिंटर. फोल्डर आल्यावर ते प्रोग्राम मोडू नयेत म्हणून ही नावं प्रत्येक फोल्डरात राखून ठेवली. अडगळ म्हण हवं तर. पण त्या माळ्यावरची एखादी वस्तू खालच्या मजल्यावर कोण रोज वापरतंय, हे माळा साफ करणाऱ्याला ठाऊक नसतं.

जुनी_खोडी

ओझ्याबद्दल सहमत. पण बाळा, हे रडगाणं नवं नाही. पास्कल भाषा देणाऱ्या निक्लाउस वर्थ यांनी १९९५ मध्ये लेख लिहून हेच सांगितलं होतं, की हार्डवेअर ज्या वेगाने धावतंय त्याहून जास्त वेगाने सॉफ्टवेअर मंदावतंय. मी तो तेव्हा वाचला, मान डोलावली, आणि पुढची तीस वर्षं दर नव्या मशीनवर आणखी जड सॉफ्टवेअर चढवत आले.

मध्यरात्रीचा_बग

पहिली भाषा सी? अरे, सीच्या स्कॅनएफमध्ये (टाइप केलेलं वाचणारं फंक्शन) अँपरसँड (&) विसरलेल्या पोराला पडद्यावर काय दिसतं? 'सेगमेंटेशन फॉल्ट'. कुठल्या ओळीत, का, काही नाही. दार तोंडावर आपटल्यासारखं. मी शिकवण्या घेतो, त्या क्षणी मुलांचे चेहरे बघितलेत. त्यातली निम्मी समजतात की आपल्यालाच अक्कल नाही. पायथॉन निदान ओळ क्रमांक सांगून रागावते.

मेमरी समजायला हवी हे मान्य. पण पोहायला शिकवताना आधी खोल पाण्याचा दाब शिकवत नाहीत.

(लिनक्स वि. विंडोज वादात पडणार नाही. दोन्हींवर माझा प्रिंटर चालत नाही.)

कानसेन

मला दिसत नाही. दिवसभर एनव्हीडीए या स्क्रीन रीडरवर काम करतो, तो पडद्यावरचा मजकूर मला बोलून दाखवतो. तो फक्त विंडोजवर चालतो. स्वतः अंध असलेल्या मायकेल करन यांनी २००६ मध्ये सुरू केला, मोफत आणि मुक्तस्रोत आहे, आणि त्याचा मोठा भाग पायथॉनमध्ये आहे. पायथॉन हळू म्हणणाऱ्यांनी माझा रीडर कुठल्या वेगाने बोलतो ते एकदा ऐकावं. एक शब्द कळणार नाही.

हौशी मुलांनी केलेली हलकी ॲप मी आवडीने उतरवून घेतो आणि पाच मिनिटांत काढून टाकतो. स्वतः पिक्सेल रंगवून काढलेलं बटण माझ्या कानाला नसतंच, तिथे नुसती शांतता असते. ब्राउझरच्या पोटातलं साधं बटण मात्र 'पाठवा, बटण' असं सरळ बोलतं, कारण ती सोय ब्राउझरमध्ये आधीच भरलेली आहे. तुझ्या त्या सहाशे एमबीत थोडा वाटा माझाही आहे.

अर्धविराम

रिकामा_स्टॅक, मी वाद घालत नाही. तुझ्या एडिटरमध्ये 'वाऱ्यावर' असं लिही, एकदाच बॅकस्पेस दाब, आणि काय झालं ते इथे येऊन सांग.

रिकामा_स्टॅक

आधी बाकीच्यांना.

हमालदादा, इलेक्ट्रॉनमुळेच लिनक्सवर आलं, यावर माझ्याकडे उत्तर नाही. गप्प.

बगसर, निम्मी खचतात हे खरं. मीही पहिल्या सत्रात पळणारच होतो.

कानसेनकाका, तुमचा प्रतिसाद वाचून रात्री ऑर्का लावला (लिनक्सवरचा स्क्रीन रीडर, तोही पायथॉनचाच निघाला!) आणि माझा एडिटर डोळे मिटून वापरला. एक अक्षर टाइप केलं की तो भलतीकडूनच वाचत सुटतो. कारण किलोसारखाच मीही प्रत्येक कीला अख्खा पडदा पुन्हा रंगवतो. डोळ्यांना ते कळतच नाही. दोन मिनिटांत हात टेकले.

आता अर्धविराम. लिहिलं. ऱ्या जरा फाटलेला दिसला, तो टर्मिनलचा दोष म्हणून सोडून दिला. बॅकस्पेस दाबला. शेवटचा र गेला, पण जागी पत्त्यातल्या चौकटीसारख्या काळ्या आकारात प्रश्नचिन्ह आलं. पुन्हा दाबला, प्रश्नचिन्ह तसंच. तिसऱ्यांदा दाबल्यावर जागा मोकळी झाली. मराठीत लागणारं देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये (मजकूर बाइटांत साठवायची पद्धत) तीन बाइटांचं असतं. र म्हणजे २२४, १६४, १७६. माझा बॅकस्पेस इमानदारीत एकच बाइट खात होता, आणि उरलेल्या दोन बाइटांचं काय करायचं हे टर्मिनलला कळत नव्हतं. सहा महिने हा एडिटर वापरतोय आणि त्यात एकदाही मराठी लिहिलं नव्हतं, हे इथे मराठीत कबूल करताना कसंतरी होतंय.

पण दुरुस्ती किती? तीन ओळी. मागे जाताना १२८ ते १९१ मधला बाइट दिसला की थांबायचं नाही, आणखी मागे. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्येच यूटीएफ-८ ची रचना अशी केली, की अक्षराचा पहिला बाइट आणि पुढचे बाइट यांची कधी गल्लत होत नाही. म्हणजे मराठी यायला सहाशे एमबी लागत नाहीत. एडिटर आता ११०३ ओळींचा.

अर्धविराम

शाब्बास. आता फाइलमध्ये 'वाऱ्यावर' शोध. मात्र शब्द हा घे: र, हलन्त (पाय मोडायचं चिन्ह), मग झेडडब्ल्यूजे (न दिसणारा जोडक), मग य.

रिकामा_स्टॅक

'सापडलं नाही'. शब्द समोर दिसतोय आणि एडिटर म्हणतोय सापडलं नाही.

अर्धविराम

कारण ऱ्य दोन वाटांनी लिहिता येतो. एक वाट म्हणजे त्यासाठी युनिकोडमध्ये (सगळ्या लिप्यांच्या चिन्हांची एकच यादी) असलेला वेगळा ऱ आणि हलन्त. दुसरी साधा र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे. पहिल्या वाटेने 'वाऱ्यावर' ८ कोडपॉइंटचा (युनिकोडमधलं एकेक सुटं चिन्ह म्हणजे कोडपॉइंट), २४ बाइट. दुसऱ्या वाटेने ९ आणि २७. डोळ्याला तोच शब्द. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन (एकरूप करायची रीत) लावलंस तरी हे दोन एक होत नाहीत, ते तुला स्वतः जुळवावं लागेल. कुठला कीबोर्ड कुठली वाट धरतो ते लिहिणाऱ्याला माहीतही नसतं.

आणि लांबी. 'मराठी' हा शब्द किती लांब? सीचा स्ट्रलेन (बाइट मोजणारं फंक्शन) म्हणेल १५. पायथॉन म्हणेल ५. स्विफ्ट ही भाषा म्हणेल ३. पाचवीतलं पोरही ३ म्हणेल. सी आधी शिकायला माझी हरकत नाही, फक्त ती अक्षरं मोजत नाही हे पहिल्याच दिवशी सांगावं.

जुनी_खोडी

मधेच एक. 'मराठी'वर बॅकस्पेस मारला तर मला फक्त वेलांटी गेलेली हवी, ठ नको. स्विफ्टच्या हिशेबाने गेलं तर ठी अख्खी जाईल. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर माणूस वेलांटीच बदलतो ना?

अर्धविराम

बरोबर. म्हणून मोजायला एक एकक, खोडायला दुसरं. बहुतेक ठिकाणी बॅकस्पेस एक कोडपॉइंट खातो आणि डिलीट अख्खं अक्षर.

पगारी_हमाल

मग आता मी बोलतो. पोरा, तुझा एडिटर ११०३ ओळींचा नाही. खाली टर्मिनल आहे, फॉन्ट आहे, ग्राफिक्स आहे, लिनक्सचा कर्नल (गाभा) आहे. शेवटच्या ११०३ ओळी फक्त तुझ्या. आणि तो फाटलेला ऱ्या 'टर्मिनलचा दोष' म्हणून सोडलास ना? टर्मिनल हा सारख्या चौकोनांचा कागद आहे, एका चौकोनात एक इंग्रजी अक्षर बसावं एवढ्या हिशेबाने आखलेला. हाच धागा ब्राउझरमध्ये उघड, ऱ्या कसा सुबक जुळलाय बघ. क्रोमियममध्ये ते काम हार्फबझ करतं, फॉन्टमधले जोडाक्षरांचे नियम वाचून. ज्याला तू गिळलेली मेमरी म्हणतोस तिच्यात हेही आहे.

रिकामा_स्टॅक

आहे, पण हार्फबझ काही सहाशे एमबीचं नाही! एक्सएफसीईचा मेन्यूही मला ऱ्या नीट दाखवतो, तेही त्याच हार्फबझच्या जोरावर, आणि त्यासाठी ब्राउझर उघडत नाही. सोय हवी, ती एकदाच भरलेली हवी, सगळ्यांनी वाटून वापरलेली हवी. प्रत्येक ॲपने स्वतःच्या पोटात तिची प्रत का ठेवायची? माझा मूळ मुद्दा मी सोडलेला नाही.

आणि उशीर खुपणाऱ्या माणसाची किंमत काय असते याचं एक उदाहरण. मार्च २०२४, एक्सझेड प्रकरण. लिनक्समधल्या एका साध्या कॉम्प्रेशन लायब्ररीत कुणीतरी दोनेक वर्षं विश्वास कमावून चोरदरवाजा बसवला, ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत. तो सापडला कसा? आंद्रेस फ्रॉइंड यांना एसएसएच (दूरच्या मशीनवर सुरक्षित शिरायची सोय) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं. अर्धा सेकंद! दुसरा कुणी असता तर 'नेट स्लो असेल' म्हणून पुढे गेला असता.

पगारी_हमाल

आणि आंद्रेस फ्रॉइंड तेव्हा नोकरीला कुठे होते, ते तू गाळलंस. मायक्रोसॉफ्टमध्ये. अडगळीच्या माळ्यावर.

मध्यरात्रीचा_बग

😂 वाखू (वाचनखूण) साठवली.

कानसेन

वाटून वापरण्याचा मुद्दा मला पटला. माझ्याकडेही तेच होतं, विंडोजची स्वतःची बटणं वापरणारं ॲप हलकंही असतं आणि बोलतंही. म्हणजे हलकं विरुद्ध बोलकं असा सामना मी लावला तो तितका खरा नव्हता. पण अशी ॲप कमी होत चाललीत, आणि हमाल सांगतात ते पाच जणांचं गणित त्यामागे आहे.

तुझा एडिटर बदललास की कळव. फक्त बदललेली ओळ रंगव, बाकीच्यांना हात लावू नकोस. मी ऐकून सांगेन.

रिकामा_स्टॅक

करतोय काका. ते करतानाच नवीन भानगड सापडली. 'मराठी' लिहून ओळीच्या शेवटी गेलो, तर शब्द केव्हाच संपलाय आणि कर्सर पार पुढे, पंधरा रकाने सोडून एकटाच लुकलुकतोय. बाइट मोजून रकाना काढत होतो, उघडच आहे. कोडपॉइंट मोजले तरी चुकतंय, कारण काना किती जागा घेतो?

अर्धविराम

काही टर्मिनल कान्याला एक रकाना देतात, काही शून्य. एडिटरने एक धरलं आणि टर्मिनलने दुसरं, की कर्सर भरकटला.

रिकामा_स्टॅक

मग विचारायचं कुणाला?

अर्धविराम

टर्मिनललाच. कर्सर आत्ता कुठे आहे हे विचारायचा एक एस्केप क्रम (टर्मिनलला कळणारा संकेत) असतो. शोधायला लांब जायला नको, तुझ्या त्या किलोमध्येच आहे. खिडकीचा आकार काढायला वापरलाय.

रिकामा_स्टॅक

सापडला. एस्केप, चौकोनी कंस, ६, एन. ती ओळ मी महिनाभर रोज बघत होतो.

पगारी_हमाल

किती ओळी झाल्या रे आता?

रिकामा_स्टॅक

१३४०.