अनुभव धागा : मोर्चा, रस्ता आणि कायदा

संविधानाच्या अनुच्छेद 19 ने आपल्याला शांततेने व विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क दिला असून त्यावर वाजवी निर्बंध घालण्याची मुभा राज्यालाही आहे. मुंबईत हे दोन्ही एकाच रस्त्यावर समोरासमोर येतात. मोर्चात चाललेल्यांनी, वाहतुकीत अडकलेल्यांनी व बंदोबस्तावर असलेल्यांनी आपले अनुभव लिहावेत. मागणी कोणाची रास्त, हा वाद येथे नको.

निवृत्त शिक्षिका, सायन : मार्च 2018 मध्ये नाशिकहून पायी निघालेले शेतकरी सोमय्या मैदानावर मुक्कामी होते आणि दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर होता. मुलांची अडचण होऊ नये म्हणून पायांना फोड आलेली ती माणसे मध्यरात्रीनंतर उठून आझाद मैदानाकडे चालू लागली. आमच्या केंद्रावर सकाळी मुले वेळेवर पोहोचली. कोणत्याही कलमाने हे घडवून आणले नसते, असे मला मनापासून वाटते.

रुग्णाचा मुलगा, विक्रोळी : माझ्या वडिलांचे डायलिसिस आठवड्यातून तीनदा असते. एका रास्ता रोकोत आमची टॅक्सी पूर्व द्रुतगती मार्गावर अडकली. आंदोलकांनी रुग्णवाहिकेला तत्परतेने वाट दिली, हे मी मान्य करतो. परंतु या शहरातले बहुसंख्य रुग्ण टॅक्सीने, रिक्षाने आणि लोकलने रुग्णालयात जातात, त्यांच्या डोक्यावर दिवा नसतो. त्या दिवशीची पाळी हुकली आणि रात्री वडिलांना धाप लागली. मागणीविषयी माझा राग नाही. एक मार्गिका मोकळी ठेवली असती, तर मी खाली उतरून त्यांचे म्हणणे ऐकलेही असते.

कर्मचारी, फोर्ट : ऑगस्ट 2025 अखेरच्या मराठा आरक्षण आंदोलनात परवानगी एका दिवसाची आणि पाच हजार माणसांची होती; आले त्याच्या कितीतरी पट. सीएसएमटीसमोर चालणे कठीण झाले, आणि उच्च न्यायालयाला रस्ते मोकळे करण्यास सांगावे लागले. मात्र पावसात भिजलेली ती माणसे पाणी आणि शौचालय शोधत फिरताना मी पाहिली. एवढी माणसे येणार हे आधीपासून दिसत असताना त्यांची सोय न करणे हेही रस्ता अडण्याचे कारण आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

वकील, दादर : वरील अनुभवांना जोडून लिहितो. सार्वजनिक रस्त्यावरील सभांचे नियमन करता येते, पण त्यांच्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1972 मध्ये हिंमतलाल शहा प्रकरणात सांगितले. दिल्लीतील शाहीनबागेच्या ठिय्याविषयी त्याच न्यायालयाने 2020 मध्ये दिलेल्या निकालाने सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवून धरता येणार नाही, असे ठरवले. म्हणजे काही तासांचा मोर्चा आणि बेमुदत ठिय्या कायद्याच्या दृष्टीने सारखे नाहीत. प्रत्यक्षात मात्र दोघांवर बहुधा तीच कलमे लागतात. भारतीय न्याय संहितेच्या कलम 285 नुसार रस्ता अडवल्यास पाच हजार रुपयांपर्यंत दंड आहे. तो भरता येतो. माझ्या अशिलांना जाचते ते बेकायदेशीर जमावाचे सोबत जोडलेले कलम, न्यायालयाच्या तारखा आणि पासपोर्टच्या वेळी निघणारी नोंद.

अंगणवाडी सेविका, मानखुर्द : आम्हाला आझाद मैदानच मिळते, आणि तेथे दिलेल्या घोषणा मंत्रालयापर्यंत पोहोचत नाहीत. निवेदन घ्यायला कोणी जबाबदार अधिकारी मैदानात ठरल्या वेळी आला, तर उन्हात रस्त्यावर बसण्याची हौस आमच्यापैकी एकीलाही नाही.