पैसे आले का? ऑनलाइन धंद्यातले तुमचे अनुभव

तळणीवाली
आज मंडईत कोथिंबीर घेतली. पैसे आल्याचं सांगणारा डबा बोलला, 'वीस रुपये प्राप्त झाले', आणि मावशी माझ्याकडे न बघताच पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या. मला एकदम २०१९ ची दिवाळी आठवली. तेव्हा तो बोलका डबा माझ्याकडे असता तर!

मी घरून फराळ करून देते. आधी गिऱ्हाईक म्हणजे सोसायटी आणि नणंदेचं ऑफिस. व्हॉट्सॲप बिझनेसवर फोटो आणि भाव टाकले, तर कधी न पाहिलेल्या माणसांच्या ऑर्डरी यायला लागल्या. धनत्रयोदशीला संध्याकाळी एक दादा आले. तीन किलो चकली, दोन किलो चिवडा, वर बेसनाचे लाडू. मोबाइल पुढे धरला, हिरवी खूण, माझं नाव, २२४० रुपये. माझे हात तेलाचे, दारात आणखी चौघं उभी. 'बरं बरं' म्हटलं. रात्री अकराला हिशेबाला बसले तर ते पैसे आलेच नव्हते. असा खोटा पडदा दाखवणारी ॲपंच मिळतात म्हणे. नवरा म्हणाला, जाऊ दे, कुणाच्या तरी घरी दिवाळी झाली. मला तीन रात्री झोप नाही.

तुमचेही सांगा. फायद्याचेही येऊ देत, नुसतं रडगाणं नको.

घाटावरचा
आमची नर्सरी. 'आर्मी से बोल रहा हूँ, दो सौ गमले चाहिए.' वर्दीतला फोटो, ओळखपत्र, सगळं आलं. मग म्हणे आमच्याकडची पेमेंटची पद्धत वेगळी, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका, पैसे तुमच्याकडे जमा होतील. बाबांनी टाकला. १८ हजार गेले. पैसे घ्यायला पिन लागतच नाही हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं, मी इंजिनियर असून मलाही बाबांना सांगावंसं वाटलं नव्हतं. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला तो दुसऱ्या दिवशी, तोवर पैसे कुठल्या कुठे.

पिंपळपान
@घाटावरचा हेच आमच्या मामांच्या बाबतीत, फक्त कुंड्यांऐवजी प्लायवूड 🙏 ओळखीतल्या-अनोळखी माणसाने यूपीआयवर पैसे मागायची ती रिक्वेस्ट ऑक्टोबर २०२५ पासून बंद केलीय, पण क्यूआरचं सोंग चालूच आहे.

हापूसवाला
मी फायद्याचा. २०२० चा एप्रिल, आंबा तयार आणि सगळीकडे टाळेबंदी. पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रूपवर भाव टाकला, चाळीस-चाळीस पेट्यांची यादी एकेका सोसायटीतून आली, परवाना काढून टेम्पो थेट गेटवर. अडत नाही, दलाल नाही, पैसे त्याच दिवशी. यूपीआय २०१६ पासून होतं, पण आमच्या वाडीत खरं आलं ते त्या महिन्यात.
आता दुखणं. त्याच ग्रूपवर कर्नाटकातला आंबा 'देवगड' म्हणून माझ्यापेक्षा दोनशेने स्वस्त. २०१८ ला हापूसला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, पण फोटोतल्या आंब्याला वास कुठे येतो?

सोनकी
हापूसवाले, यंदा पेटी कितीला?

हापूसवाला
मोहोर तरी येऊ दे ताई 😄

नऊवार
४ ऑक्टोबर २०२१. घटस्थापना तीन दिवसांवर, नवरात्रीच्या नऊ रंगांच्या साड्यांची झुंबड, आणि रात्री नऊच्या सुमारास व्हॉट्सॲप, इन्स्टा, फेसबुक एकदम बंद. मला वाटलं माझंच वायफाय गेलं, राउटरला चापट्या मारल्या. गिऱ्हाइकांचे नंबर वहीत कुठे लिहिलेले? सगळं त्यातच. सकाळपर्यंत सुरू झालं, पण तेव्हापासून वही ठेवते.
आणि हल्ली एआय. बायका एआयने काढलेल्या पैठणीचा फोटो पाठवतात, 'हीच हवी'. पदरावरच्या मोराला तीन पाय! कुठला विणकर करून देईल? मी तरी कुठे शहाणी, वर्णनं त्याच्याकडूनच लिहून घेत होते. एका सुती साडीला त्याने 'शुद्ध रेशीम' लिहिलं, मी न वाचता चढवलं. साडी परत आली, जातायेताचं कुरिअर माझ्या डोक्यावर, शिवाय रेटिंगमध्ये एकच तारा.

जुना खातेदार
मोबाइल कव्हर विकतो. एकाने ४५० पाठवले, कव्हर नेलं. महिन्याने खातं गोठलं. दुसऱ्या राज्यातल्या सायबर पोलिसांकडे कुणाची तरी तक्रार, त्या चोरीच्या पैशातले ४५० फिरत फिरत माझ्याकडे आलेले. ४५० साठी ऐंशी हजार अडकले. भाडं, पोराची फी, सगळं उसनं. बिल सापडलं म्हणून सात आठवड्यांनी सुटलं. इथे मी पैसे नीट तपासून घेतले होते, आवाजही वाजला होता. सांगा, काय चुकलं माझं?

तळणीवाली
@जुना खातेदार बापरे. हे माहीतच नव्हतं. मी तर कुणालाही बिल देत नाही.

जुना खातेदार
द्या. साध्या वहीतलं चाललं तरी.

सोनकी
विषयांतर, पण तळणीवाली, माझी चकली दुसऱ्या दिवशी मऊ पडते. काय करू?

तळणीवाली
बुडबुडे पूर्ण थांबायच्या आत काढतेस. आणि मोहन बेताने, जास्त झालं तर तेलात विरघळेल. भाजणी विकतची आहे का?

सोनकी
हो 🙈 तुझी मिळेल का अर्धा किलो? पैसे पाठवते. खरे!

तळणीवाली
पाठव, बँकेचं ॲप उघडून बसलेय 😄 कुकर झाला, आले.