सागवानी टेबलावरचं जवसाचं तेल वाळतच नाहीये – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

लिहायच्या जुन्या सागवानी टेबलाचं पॉलिश मिस्त्रींकडून खरवडून घेतलं. त्यांनी वर जवसाच्या तेलाचे सढळ दोन हात मारले. रंग सुरेख उघडला, रेषाही उठून दिसताहेत. पण महिना होत आला तरी वरची बाजू चिकट ती चिकटच. वही उचलताना चर्र आवाज होतो, बोट दाबलं की ठसा उमटतो. गंमत म्हणजे फळीची कापलेली टोकं मात्र खडखडीत वाळली आहेत.

मिस्त्री म्हणतात, वरून पीयू (पॉलियुरेथेनचं वार्निश) मारू, चिकटपणा आत दबून जाईल. मला हे पटत नाहीये. लाखेचं पॉलिश चालेल का? त्याची झळाळी मला जास्त आवडते.

जाता जाता आणखी एक: बांबूच्या शेल्फमधून पिठासारखी भुकटी पडते. वार्निश मारलं तर थांबेल का?

रंधा:
पीयू आत्ता अजिबात मारू नका, ओल्या तेलावर ते धरणार नाही, पापुद्रे सुटतील.

जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. थर जाड झाला की वर साय धरते आणि खालपर्यंत हवा पोचत नाही. कापलेली टोकं तेल पिऊन घेतात, वर काही उरतच नाही, म्हणून ती वाळली. डब्यावर 'बॉइल्ड' लिहिलंय का बघा. त्यात सुकवणारी द्रव्यं असतात. कच्च्या तेलाला पातळ हातानेही कित्येक दिवस, कधी आठवडे लागतात.

टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या खरखरीत कापडाने रेषांच्या दिशेने घासून काढा, खिडक्या उघड्या ठेवून. चिकट असताना पॉलिश पेपर लावू नका, लगेच भरून जातो. नीट वाळलं की १२०, १८०, मग २२० नंबर.

आणि त्या तेलकट चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका! तेल वाळताना उष्णता सुटते, घडीत ती कोंडते आणि चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. बाहेर एकेक पसरून कडक वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा. हे लोक हसण्यावारी नेतात, मला त्याचा राग येतो.

लाखेचं म्हणाल तर दिसायला त्याला तोड नाही. पण लाख स्पिरिटमध्ये विरघळते, गरम कपाने पांढरा डाग पडतो. रोज वापरायच्या टेबलाला पीयूच बरं. सागाला अंगचं तेल असतं, म्हणून पीयूच्या आधी थिनरचं फडकं फिरवा. फळीच्या खालच्या बाजूलाही हात द्या, नाहीतर दमट हवेत फळी वाकडी होते.

वेताची_छडी:
शेल्फला भुंगा लागलाय. त्याला बांबूतला स्टार्च हवा असतो, वार्निशने आतल्या अळ्या मरत नाहीत. बोरॅक्स आणि बोरिक अॅसिडचं पाणी देतात, पण बांबूची बाहेरची गुळगुळीत साल ते शोषत नाही. कापलेल्या टोकांतून आणि आतल्या बाजूनेच जातं. त्यामुळे शेल्फ सुटं करावं लागेल. तोवर ते टेबलापासून लांब ठेवा, सागाच्या कच्च्या कडेलाही (खोडाच्या बाहेरच्या फिकट लाकडाला) किडीचा धोका असतो.

धागाकर्ता:
रंधा, डब्यावर 'बॉइल्ड' नाहीये, म्हणजे कच्चंच. उद्या टेबलाच्या खालच्या बाजूला टर्पेंटाइन लावून बघतो. पीयू मॅट घ्यावं की ग्लॉसी?