‘सिग्नल’ ही वॉकी-टॉकीची गोष्ट नाहीच, पंधरा वर्षांच्या मुदतीची आहे

कुंपणावरचा

(रसभंगाचा इशारा: सोळाही भागांतलं सगळं खाली उघडं केलंय. पाहायची असेल तर इथूनच परत फिरा.)

कोरियन गुन्हेमालिकांचा विषय निघाला की ‘सिग्नल’ (टीव्हीएन, २२ जानेवारी ते १२ मार्च २०१६, लेखिका किम उन-ही) येतेच, आणि पाठोपाठ रात्री ११ वाजून २३ मिनिटांनी खरखरणारा तो बिनबॅटरीचा वॉकी-टॉकी. २०१५ मधला पोलीस पार्क हे-यंग आणि भूतकाळातला पोलीस ली जे-हान जेमतेम मिनिटभर बोलतात आणि झालेलं बदलू लागतं. सगळी चर्चा त्या यंत्राभोवती फिरते. माझं म्हणणं असं की यंत्र हे आमिष आहे. मालिका चालते ती कोरियाच्या फौजदारी कायद्यातल्या मुदतीवर.

तिथे २००७ च्या डिसेंबरपर्यंत खुनाचा खटला भरायला १५ वर्षांची मुदत होती. मग ती २५ झाली, पण जुन्या गुन्ह्यांना जुनीच १५ राहिली. ३१ जुलै २०१५ पासून खुनाची मुदत रद्दच झाली. मात्र त्या दिवसापर्यंत ज्यांची मुदत उलटली नव्हती त्यांनाच फायदा. हिशेब केला तर रेघ पडते १ ऑगस्ट २००० वर. त्याआधीचा खुनी सुटला, त्यानंतरचा आयुष्यभर सापडू शकतो.

आता मालिकेतल्या तारखा बघा. लहान मुलीचं अपहरण जुलै २००० मध्ये, म्हणजे रेघेच्या काही दिवस अलीकडे. जे-हान मारला जातो ऑगस्ट २००० च्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे काही दिवस पलीकडे. मुलीला न्याय मिळण्याची वेळ डोळ्यांसमोर मिनिटामिनिटाने संपते, आणि तिचा खुनी शोधणाऱ्या पोलिसाचा खून मात्र कधीच मुदतीबाहेर जात नाही. हा योगायोग आहे असं मला तरी वाटत नाही.

खडूस पंतोजी

असहमत. मुदतीचा ताण पहिल्या दोन भागांत आहे. घड्याळ बारावर येतं, चौकशीच्या खोलीत मुलीच्या खुनाची संशयित बाई गप्प बसून राहते, झकास. पण त्यानंतर? तिसऱ्या भागापासून ग्यंगी नाम्बूच्या (ग्यंगी प्रांताचा दक्षिण भाग) साखळी खुनांचं प्रकरण सुरू होतं, १९८९ चं. २०१५ मध्ये ते कधीच मुदतीबाहेर गेलेलं. तरी हे-यंगचं जुनी प्रकरणं उकरणारं पथक तपास करतंय, संशयिताच्या घरी जातंय. कुठल्या अधिकारात? तुमच्या लाडक्या कायद्याने तर त्यांना हात बांधून बसायला हवं होतं.

आणि तारखा जुळल्या म्हणजे हेतू सिद्ध होत नाही. पंचांग उघडलं की काहीही जुळतं.

कुंपणावरचा

पंतोजी, तिथेच तर लेखिकेची हुशारी आहे. १९८९ साठी कुणालाही पकडता येत नाही, म्हणून तिने २०१५ मध्ये त्याच पद्धतीचा एक ताजा खून घातला. मारली जाते ती जुन्या बसची कंडक्टर बाई, जिला सगळं माहीत होतं. पथकाचा अधिकार त्या ताज्या खुनातून येतो आणि बेड्या पडतात त्या ताज्या खुन्याला, म्हणजे बस चालवणाऱ्या बापाला. मुलगा खरा साखळी खुनी, पण त्याला कायदा शिवू शकत नाही. त्याला शिक्षा होते ती भूतकाळात, जे-हानच्या पाठलागात वरून कोसळून कायमचा अपंग होतो तेव्हा. जिथे कायद्याचं दार बंद, तिथेच रेडिओ लागतो. एरवी नाही.

निळी शाई

मुदतीचा मुद्दा पटला, पण मूळ प्रकरणाबद्दल एक गंभीर आक्षेप आहे.

ग्यंगी नाम्बू म्हणजे उघडच ह्वासंग, त्याच भागातलं खरं साखळी खुनांचं प्रकरण. सप्टेंबर १९८६ ते एप्रिल १९९१, दहा खून, एकवीस हजारांवर संशयितांची चौकशी. बसचा धागाही खराच. १९८८ च्या सातव्या खुनानंतर बसचालक आणि कंडक्टर यांनी पाहिलेल्या माणसावरून रेखाचित्र काढलं होतं. मालिकेने यावरून असं सुचवलं की साक्षीदार दडला, म्हणून खुनी सुटला. एक माणूस बोलला असता तर सगळं सुटलं असतं.

प्रत्यक्षात काय होतं ते २०१९ मध्ये कळलं. जपून ठेवलेल्या कपड्यांवरच्या डीएनएवरून ली चुन-जेचं नाव निघालं. तो १९९४ च्या वेगळ्या खुनासाठी बुसानच्या तुरुंगात जन्मठेप भोगत होता. पुढे त्याने चौदा खून कबूल केले. पोलिसांनी त्याला त्या काळातच तीनदा तपासलं होतं! सोडलं, कारण खुन्याचा रक्तगट ‘बी’ आहे असं पोलिसांनी पक्कं धरलं होतं आणि याचा ‘ओ’. एका अक्षराने माणूस चाळणीतून खाली पडला. त्या चाळणीवर कुणी शंका घेतली नाही, कारण ती प्रयोगशाळेतून आली होती.

त्याहून वाईट आठवा खून. तिथे केसातल्या धातूंचं प्रमाण मोजून एका तरुणाला दोषी ठरवलं. वीस वर्षं आत. डिसेंबर २०२० मध्ये फेरखटल्यात निर्दोष. आता सांगा, साक्षीदाराची भीती हे खरं कारण होतं की पुराव्यावरचा आंधळा विश्वास? मालिकेत प्रयोगशाळा कधी चुकत नाही. फाईल उघडा, दुवा सापडतो. हा माझ्या मते कथेचा सगळ्यात मोठा खोटेपणा.

खडूस पंतोजी

मालिका २०१६ ची, उलगडा २०१९ चा. लेखिकेकडे रेडिओ नव्हता.

निळी शाई

:) मान्य. पण रक्तगटाचा उलगडा नंतर झाला तरी ऐंशीच्या दशकात कबुल्या कशा मिळवल्या जात हे कोरियात २०१६ मध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. मालिकेत मारहाण करणारे पोलीस आहेत, पण ते सगळे वरच्या साहेबाच्या, किम बम-जूच्या, कटातले. म्हणजे दोष वाईट माणसांचा. प्रामाणिक पोलीसही चुकीच्या माणसाला आत टाकू शकतो, हे कुठे येतं?

वळणावरची टपरी

येतं की! चोराचं प्रकरण विसरलात. ओ ग्यंग-थे. जे-हान स्वतः त्याला बेड्या घालतो, तेही हे-यंगने रेडिओवरून दिलेल्या अर्धवट माहितीवर. भूतकाळ बदलण्याच्या नादात निरपराध माणूस आत जातो. पूल कोसळतो तेव्हा बापाच्या हातात बेड्या आणि मुलगी बसमध्ये. बचाव पथक आधी दुसऱ्या मुलीला बाहेर काढतं, कारण तिचा बाप तिथे ओरडायला मोकळा आहे. प्रामाणिक माणसांनी केलेली चूक यापेक्षा उघड कशी दाखवायची? पुढे तो सुटून आल्यावर त्याच्या सूडात हे-यंगची पथकप्रमुख सू-ह्यन मरते, तेव्हा हे-यंगला कळतं की हे आपणच सुरू केलं.

पुलाचा संदर्भही खराच. सोलचा स्यंगसू पूल, २१ ऑक्टोबर १९९४, सकाळची वेळ, ३२ मृत्यू. मधला तुकडाच्या तुकडा खाली गेला. कारण सदोष वेल्डिंग आणि देखभालीत हयगय. मालिकेने वर्ष आणि नाव बदललं, तडे तसेच ठेवले.

निळी शाई

हा मुद्दा निसटला होता. चोराच्या प्रकरणापुरता आक्षेप मागे. प्रयोगशाळेबद्दलचा नाही.

गणिताचा तास

कायदा वगैरे ठीक, पण यंत्राचे नियम तर पाळायचे? माझ्या तीन हरकती.

एक, हे-यंगच्या बाजूला आठवडे जातात आणि जे-हानच्या बाजूला १९८९ वरून थेट १९९५. प्रमाण काय? दोन, पहिलं बोलणं हे-यंगसाठी पहिलं, पण जे-हानसाठी शेवटचं. मधली सगळी उलट्या क्रमाने का नाहीत? तीन, भूतकाळ बदलला की सगळे जुनं विसरतात, हे-यंग मात्र विसरत नाही. शेवटच्या भागात सू-ह्यनलाही आठवतं. तिला का?

कुंपणावरचा

तिसऱ्याचं उत्तर मालिकेतच आहे. शेवटाकडे सू-ह्यन स्वतः त्या रेडिओवर जे-हानशी बोलते. जो बोलला त्याला आठवतं, हा नियम तिथे पाळलाय.

दुसऱ्याचं असं की क्रम उलटा नाहीच, सरळच आहे. फक्त पहिली हाक सोडून. जे-हान त्या पहिल्या हाकेतच सांगतो की हे शेवटचं असलं तरी संपणार नाही, पुन्हा सुरू होईल, आणि १९८९ मधल्या मला तुम्हीच समजवा. ती एकच हाक वर्तुळाबाहेरची. पहिला भाग सोळाव्यानंतर परत लावा, ओळ न् ओळ बसते.

पहिल्या हरकतीला उत्तर नाही. तिथे लेखिकेने सोयीनेच उडी मारलीय.

टाचण

उपशीर्षकांवर पाहणाऱ्यांसाठी, कारण निम्मी मजा तिथे गळते.

जे-हान रेडिओवर हे-यंगला ‘ग्यंगवी-निम’ म्हणतो. पोलीस विद्यापीठातून थेट आलेल्याला मिळणारा हा हुद्दा. जे-हान तेव्हा शिपाई, खालच्या पायरीवरचा, पण वयाने मोठा. उलट हे-यंग त्याला ‘ह्यंगसा-निम’ म्हणतो, तपास करणाऱ्या पोलिसाला म्हणतात तसं. म्हणजे दोघंही एकमेकांना ‘साहेब’ म्हणतायत आणि ते कधीच सुटत नाही. उपशीर्षकात ‘लेफ्टनंट’ आणि ‘डिटेक्टिव्ह’ आलं की हे अंतर आणि हा आदर, दोन्ही सपाट.

दुसरं ‘चम-ओ’. जे-हान नवख्या सू-ह्यनला हे नाव ठेवतो. अर्थ ‘शून्य पूर्णांक पाच’, अख्खा माणूस नव्हे, अर्धा. आपल्याकडे ‘अर्ध्या’ म्हणून हाक मारावी तसं. पंधरा वर्षांनी ती पथकप्रमुख झालेली असते आणि बेवारस सांगाडा सापडला की जाऊन त्याचा खांदा तपासते, जे-हानच्या खांद्यावरच्या शस्त्रक्रियेची खूण आहे का ते. ‘चम-ओ’तली थट्टा कानात असेल तर ते दृश्य दुप्पट लागतं.

खडूस पंतोजी

टाचण, उत्तम. पण कुंपणावरचा यांच्या मूळ दाव्याला सगळ्यात मोठा धक्का हिंदी रूपांतराने दिलाय. ‘ग्यारह ग्यारह’, झी५, २०२४. वेळ ११:११, जागा उत्तराखंड. भारतात खुनाला मुदत कधीच नव्हती. जुन्या फौजदारी संहितेचं कलम ४६८ पाहा: फक्त दंडाच्या गुन्ह्याला सहा महिने, एक वर्षापर्यंत कैद असेल तर एक वर्ष, तीन वर्षांपर्यंत असेल तर तीन वर्षं. त्यावर मुदत नाही. आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत तेच कलम ५१४. म्हणजे तुमचं इंजिनच काढून घेतलं, तरी गाडी चालली. लोकांनी पाहिली.

कुंपणावरचा

चालली, पण कशी? इथला प्रेक्षक लगेच विचारणार, आज नाही तर उद्या पकडा, घाई कसली? सोलमधल्या प्रेक्षकाला ती घाई समजावून सांगावी लागत नव्हती. ह्वासंगच्या शेवटच्या खुनाची मुदत एप्रिल २००६ मध्ये उलटली ती त्यांनी जिवंतपणी पाहिली होती. ली चुन-जेने चौदा खून कबूल केले, पण ह्वासंगच्या दहांपैकी एकाचाही खटला त्याच्यावर भरता आला नाही. निळी शाई, तुमचा आक्षेप मला मान्य आहे, पण तुमचंच उदाहरण माझ्या बाजूने उभं आहे.

गणिताचा तास

आणि शेवट? जे-हान जिवंत असल्याचं कळतं, हे-यंग आणि सू-ह्यन गाडीतून नर्सिंग रुग्णालयाकडे निघतात, तिला ‘तिथे जाऊ नका’ असा निरोप आलेला, खाटेवर तो बसलेला, संपलं. सोळा भाग घालवून हा शेवट?

वळणावरची टपरी

मला तो शेवट आवडतो, पण तो अपुरा आहे हे नाकारत नाही. निरोप पाठवणारा कोण, हे तरी सांगायला हवं होतं. ‘जाऊ नका’ म्हणणारा जर जे-हानच असेल तर स्वतःच्या पत्रात रुग्णालयाचा पत्ता का दिला?

खडूस पंतोजी

पत्र आधीचं, निरोप नंतरचा. मधे काहीतरी बिघडलं. एवढंच हाती आहे, आणि रेडिओ या वेळी त्यांच्याजवळ नाही.