मदत हवी आहे: लेकीला गडांची गोडी लागेल का?

नमस्कार मंडळी,

आम्ही नवरा-बायको पक्के भटके. नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड, पावसात राजमाची, सगळं झालंय. लेक आता दहा वर्षांची. परवा लोहगडावर नेली, तर बाईसाहेबांनी गणेश दरवाजाशीच बसकण मारली. पाठीवरच्या पिशवीतून वही काढली आणि कमानीचा एकेक चिरा पेन्सिलीने उतरवत बसली. 'तुम्ही विंचूकाटा माची बघून या, मी इथेच आहे!' शेवटी मी तिच्यापाशी थांबले, नवरा एकटाच पुढे गेला.

त्याचं म्हणणं, सतत नेत राहिलं की आपोआप आवड लागते. मला पटत नाही. कसोटीपटू विजय मांजरेकरांचा मुलगा संजयही कसोटी खेळला, हे खरं. पण रमेश तेंडुलकर मराठीचे प्राध्यापक आणि कवी, आणि सचिनने धरली बॅट.

तुमच्या मुलांनी तुमचा छंद उचलला का? साधारण कितव्या वर्षी? मागे लागलात की नाद सोडलात? श्रावणात राजमाचीच्या उधेवाडी गावात मुक्काम ठरतोय. तिला न्यावं की आजीकडे ठेवावं?

फक्त 'मोबाईल काढून घ्या' सांगू नका, तिला अजून दिलेलाच नाही.