टायरच्या दुकानांतील निष्काळजीपणा : आपापले अनुभव लिहावेत

धागाकर्ती, नाशिक

परवा आमच्या सोसायटीतील एका शेजाऱ्यांनी नवे टायर बसवून आणलेली गाडी उभी केली आणि त्यांच्याशी बोलता बोलता माझी नजर पुढच्या चाकावर गेली, तर चार नटांपैकी एक नट जागेवर नव्हता. ते तसेच पुन्हा दुकानात गेले आणि काम पूर्ण करून घेऊन आले, पण तेव्हापासून कसारा घाटातला जुना प्रसंग माझ्या डोक्यातून जात नाही.

सासूबाईंना ठाण्याला डॉक्टरांकडे न्यायचे होते, म्हणून आदल्या संध्याकाळी आम्ही पुढचे दोन्ही टायर बदलून घेतले होते. एक मुलगा हवेच्या गनने नट बसवत असतानाच दुसरी गाडी आली, मालकाने त्याला तिकडे बोलावले आणि आमचे चाक तिसऱ्याच कोणीतरी जॅकवरून खाली उतरवले. दुसऱ्या दिवशी इगतपुरी मागे पडल्यावर डाव्या बाजूने टक्-टक् असा ठेका धरल्यासारखा आवाज येऊ लागला. वेग वाढला की तो दबत असे आणि वळणावर गाडी हळू केली की पुन्हा स्पष्ट ऐकू येत असे. यजमानांनी गाडी कडेला घेऊन व्हील कॅप काढली, तेव्हा तीन नट बोटांनी फिरत होते आणि चौथा सुटून कॅपच्या आत पडलेला होता. रिमची भोके झिजून लांबट झाली होती आणि स्टडच्या, म्हणजे ज्यावर नट बसतो त्या बोल्टच्या, आट्यांत लोखंडाचा चकचकीत कीस साचला होता. मागच्या सीटवर सासूबाई आणि त्यांच्या मांडीवर डोके ठेवून माझा मुलगा झोपलेला होता.

परत आल्यावर दुकानात गेलो, तर मालकाने नुकसानीबद्दल चकार शब्द काढला नाही. "मॅडम, घाटात खड्डे असतात, नट सैल व्हायचेच. काही झालं तर नाही ना?" एवढेच त्याचे उत्तर होते. रिम आणि स्टड आम्ही आमच्या खर्चाने बदलले. पैशांपेक्षाही त्या वाक्याचा राग मला आजवर आहे.

आपल्याला असे काही अनुभव आले असतील तर कृपया लिहा. दुकानाचे नाव लिहू नका, मात्र नेमके काय चुकले होते ते सविस्तर लिहा, म्हणजे इतरांना काय पाहावे ते कळेल.

पुण्याहून

ताई, वाचताना अंगावर काटा आला. आमच्या बाबतीत नेमके उलटे घडले होते. साताऱ्याहून परतताना रात्री पावसात मागचा टायर पंक्चर झाला. गाडीबरोबर आलेल्या पान्याने नट हलेनात. यजमान पान्यावर उभे राहिले तरी तीन नट जागचे ढळले नाहीत आणि चौथ्याचा स्टडच तुटून हातात आला. त्याआधी अलाइनमेंटला, म्हणजे चाकांची दिशा सरळ करून घ्यायला, दिलेल्या दुकानात गनने नट मनसोक्त आवळले होते. बहुतेक लहान गाड्यांना साधारण १०० न्यूटन-मीटरच्या आसपास आवळणी लागते आणि गाडीच्या पुस्तिकेत तो आकडा छापलेला असतो, पण त्या दुकानात तो कोणी विचारातही घेतला नव्हता. गन जोरात चालवली की स्टड ताणला जातो, आटे बिघडतात आणि रस्त्यात एकटी बाई असेल तर तिने चाक बदलायचे तरी कसे? आम्ही टोइंगची वाट पाहत दीड तास महामार्गाच्या कडेला उभे होतो.

डोंबिवलीहून

नट सैल असल्याचे व्हील कॅपमुळे आधी दिसले नसावे ना? आमच्याकडेही तशीच कॅप आहे, म्हणून विचारते.

धागाकर्ती, नाशिक

हो, कॅप लावलेली असल्यामुळे बाहेरून काहीच कळत नव्हते. आता टायरचे कोणतेही काम झाले की कॅप माझ्यासमोर नट दाखवल्यानंतरच लावायची, असे मी दुकानात आधीच सांगते.

सांगलीहून, निवृत्त एस.टी. कर्मचारी

मी उभी हयात एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये काढली, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. चाक स्टडवर टांगलेले असते असा अनेकांचा समज असतो, पण तसे नसते. नट चाकाला हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागावर, दाबून धरतात आणि त्या दाबामुळे दोन पृष्ठभागांत जे घर्षण होते त्यावर चाक टिकते. दाब कमी झाला की चाक हबवर सूक्ष्म घसरू लागते, भोके लांबट होतात आणि शेवटी स्टड कापले जातात. ताईंच्या गाडीचे हेच होऊ घातले होते.

चाक चढवण्यापूर्वी हब आणि रिम जिथे एकमेकांना टेकतात ती जागा तारेच्या ब्रशने साफ करायची असते, कारण तिथला गंज, माती किंवा रंगाचा थर चार-दोन फेऱ्यांत दबतो आणि घट्ट आवळलेला नटही सैल पडतो. नट आधी हाताने फिरवून बसवायचे, गनने सुरुवात केली तर आटा तिरका धरतो. मग समोरासमोरचे नट आलटून-पालटून आवळायचे, ओळीने नाही, आणि शेवटची आवळणी चाक जमिनीला टेकल्यावर द्यायची. आम्ही बसच्या नटांवर हातोडीने ठोकून पाहत असू. घट्ट नटाचा आवाज खणखणीत येतो आणि सैल नटाचा बद्द येतो. आवळलेल्या नटापासून स्टडपर्यंत रंगाची एक रेघ ओढून ठेवली की नट फिरला की नाही हे लांबूनही दिसते. एवढे करूनही पन्नास ते शंभर किलोमीटर चालल्यावर पुन्हा पाना लावून बघायचा असतो. मोटारीच्या दुकानांत यातील एकही गोष्ट होताना मला दिसत नाही, याचे फार वाईट वाटते.

ठाण्याहून

काका, हातोडीची गोष्ट वडिलांकडून ऐकली होती. आज तिचे कारण कळले. मनापासून आभार.

नागपूरहून

मी २०२३ मध्ये समृद्धी महामार्गाने शिर्डीला जाण्यासाठी चार टायर नवे घेतले. तो ७०१ किलोमीटरचा रस्ता बहुतांशी काँक्रीटचा आहे, मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे आणि विदर्भातल्या उन्हात तासन् तास त्या वेगाने गेल्यावर टायर किती तापत असतील याची कल्पना येते. तिथे प्रवेशाच्या ठिकाणी परिवहन विभागाने टायर तपासायला सुरुवात केल्याचे वाचले होते, म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी मी प्रत्येक टायरची तारीख पाहायला बसलो.

टायरच्या कडेवर एका लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे असतात. हे आकडे पुष्कळदा टायरच्या एकाच बाजूला असतात. माझ्या चारपैकी दोन टायरांची ती बाजू आत गेली होती. अंगणात पोते अंथरून गाडीखाली झोपलो आणि मोबाइलच्या उजेडात वाचले, तर त्यावर १४१९ असे होते, म्हणजे २०१९ सालातील चौदावा आठवडा. नव्या टायरच्या पूर्ण किमतीत मला चार वर्षे गोदामात पडलेला माल दिला होता. कडेला नखाने दाबल्यावर बारीक भेगा दिसत होत्या. दुकानदार म्हणाला की रबर वापरलेच नाही, तर ते जुने कसे होईल. दोन तास तिथून हललो नाही, तेव्हा कुठे त्याने टायर बदलून दिले. टायर रिमवर चढवण्यापूर्वीच आकडे वाचा आणि बिलावर लिहून घ्या, अशी सर्वांना विनंती आहे.

छत्रपती संभाजीनगरहून

सगळे चारचाकीचे लिहीत आहेत, म्हणून दुचाकीचा अनुभव लिहितो. धाकट्या भावाच्या मोटारसायकलच्या मागच्या चाकाचे पंक्चर काढले होते. मागे ड्रम ब्रेक आहे. ब्रेकची प्लेट चाकाबरोबर फिरू नये म्हणून तिला एका पट्टीने सांगाड्याला बांधलेले असते. पंक्चरवाल्याने चाक बसवताना त्या पट्टीचा बोल्टच लावला नाही. भावाने चौकात जोरात ब्रेक दाबताच प्लेट फिरली, ब्रेकची दांडी वाकली आणि चाक जागच्या जागी जॅम झाले. मागून ट्रक येत नव्हता म्हणून तो आज आमच्यात आहे. कोपराचे हाड मात्र मोडले. बोल्ट दुकानाच्या फरशीवर, तेलाच्या डबड्याशेजारी पडलेला आम्हाला मिळाला. तो दाखवल्यावर पंक्चरवाल्याची मान खाली गेली, पण शेजारचे दोघे त्याची बाजू घेऊन आमच्याशीच भांडले.

डोंबिवलीहून

बापरे. भाऊ आता बरा आहे ना?

छत्रपती संभाजीनगरहून

हो ताई, बरा आहे, पण हात पूर्ण सरळ होत नाही.

म्युनिकहून

इथे जर्मनीत हिवाळा आला की टायर बदलावे लागतात. बर्फ किंवा निसरड्या रस्त्यावर हिवाळी टायर सक्तीचे आहेत आणि ऑक्टोबर २०२४ पासून डोंगर व हिमकणाचे चिन्ह असलेलेच टायर ग्राह्य धरले जातात. ऑक्टोबरमध्ये सगळे शहर एकाच वेळी दुकानांत धावते आणि तेव्हाच चुका होतात. माझे हिवाळी टायर एकाच दिशेने फिरण्यासाठी बनवलेले आहेत. त्यांच्या कडेवर बाण असतो आणि नक्षी बाणाच्या टोकासारखी असते, जेणेकरून पाणी मधून बाहेर फेकले जावे. दुकानाने डावी-उजवी चाके अदलाबदल करून बसवली होती. दोन आठवडे पावसात गाडी पाण्यावर तरंगल्यासारखी वाटत होती. शेवटी इमारतीच्या तळघरातील पार्किंगमध्ये वाकून पाहिल्यावर बाण उलटे दिसले. दुकानाने चूक मान्य करून अर्ध्या तासात दुरुस्त केले, पण दिलगिरीचा एक शब्द नव्हता. सांगलीच्या काकांनी लिहिलेली पुन्हा आवळणीची सूचना इथे बिलावरच छापलेली असते आणि ग्राहकांना बोलावून ती फुकट करून देतात. ही पद्धत आपल्याकडे यायलाच हवी.

रत्नागिरीहून

आमच्याकडे पावसाळ्यात लाल चिखल रिमच्या आतल्या बाजूला थापला जातो. दुकानात चाक न धुताच बॅलन्सिंगच्या यंत्रावर चढवतात, चिखलाचे वजन धरून शिशाचे तुकडे चिकटवतात आणि पैसे घेतात. चार दिवसांनी चिखल गळून पडतो आणि ऐंशीच्या वेगाला स्टिअरिंग थरथरायला लागते. मी आता चाके घरी धुऊन मगच नेतो.

म्हापशाहून

अगदी खरे आहे. शिवाय ते तुकडे चिकटवण्यापूर्वी रिम पुसतही नाहीत, त्यामुळे पहिल्या सरीतच ते निघून जातात. आमच्याकडे यंत्रात रिमची रुंदी भरायचे कष्टही कोणी घेत नाही, आधीच्या गाडीचे आकडे तसेच राहतात.

कोल्हापूरहून

अलाइनमेंटबद्दल लिहावेसे वाटते. संगणकाच्या कागदावर सगळे आकडे हिरवे दाखवले, तरी गाडी डावीकडे ओढत होती. दुसऱ्या मेकॅनिकने चाक वर उचलून दोन्ही हातांनी हलवले, तर स्टिअरिंगला चाकाशी जोडणाऱ्या टाय रॉडचा जोड खळखळ वाजत होता. जोड ढिला असताना केलेली अलाइनमेंट दुकानाच्या दारापर्यंतही टिकत नाही. आधी ते तपासायला दोन मिनिटे लागली असती. ती दोन मिनिटे वाचवल्यामुळे नव्या टायरची आतली कड तारा दिसेपर्यंत झिजली आणि ती बाजू आत असल्यामुळे आम्हाला दिसलीही नाही.

सोलापूरहून, टायरचे दुकान चालवणारा

मी सगळे प्रतिसाद वाचले आणि आमच्या धंद्याच्या वतीने मला शरम वाटते. आपण लिहिलेले खरे आहे. दसरा-दिवाळीत दारात गाड्यांची रांग लागते, मुले गावाकडून नुकतीच आलेली असतात आणि त्यांना गन हातात देण्याआधी कोणीच काही शिकवत नाही. मी शेवटच्या आवळणीसाठी टॉर्कचा पाना, म्हणजे किती जोराने आवळले ते मोजणारा पाना, घेतला आहे, गन फक्त नट काढायला वापरतो आणि एक गाडी एकाच मुलाने पूर्ण करायची असा नियम केला आहे. यामुळे दिवसाला गाड्या कमी होतात, पण रात्री झोप लागते. ग्राहकांनीही घाई करू नये आणि काम चालू असताना समोर उभे राहावे. चांगल्या कारागिराला त्याचा राग येत नाही.

धागाकर्ती, नाशिक

दादा, आपण मोकळेपणाने लिहिलेत याचे फार समाधान वाटले. एका मुलाने एकच गाडी पूर्ण करायची, एवढा नियम आमच्या दुकानात असता तर घाटात ती वेळ आली नसती.

मुंबईहून, वकील

ज्यांचे नुकसान झाले आहे त्यांच्यासाठी लिहिते. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ प्रमाणे ही सेवेतील त्रुटी ठरते आणि जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती करावी लागते आणि मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करावी, काही दुकानदार तेवढ्यानेच नरमतात. अडचण पुराव्याची येते. पक्के बिल घ्या, त्यावर केलेले काम, किलोमीटरचा आकडा आणि टायरचे आकडे लिहून घ्या. काही बिघडले तर चाक हलवण्याआधी फोटो काढा आणि तुटलेला स्टड किंवा झिजलेला नट फेकू नका. संभाजीनगरच्या दादांनी तो बोल्ट आणि दवाखान्याची कागदपत्रे जपून ठेवली असतील तर मला जरूर कळवावे.

अहिल्यानगरहून

सांगलीच्या काकांना एक शंका विचारायची आहे. आम्ही लोखंडी रिम काढून अलॉय बसवले आणि दुकानाने जुनेच नट वापरले. ते चालतात का?

सांगलीहून, निवृत्त एस.टी. कर्मचारी

गाडीवर अवलंबून आहे. नटाचे टोक ज्या आकाराचे असते, त्याच आकाराची बैठक रिमच्या भोकात असावी लागते. काही नट उतरते असतात, काही गोलसर आणि काही चपटे वॉशरवाले. एक नट काढून बघा. त्याच्या टोकावर घासल्याची खूण सगळीकडून सारखी असेल तर तो नीट बसतो आहे. खूण एकाच कडेला बारीक रेघेसारखी असेल तर आजच बदला आणि तोवर गाडी लांब नेऊ नका. स्टेपनी लोखंडीच ठेवली असेल आणि तिला वेगळे नट लागत असतील, तर जुने नट डिकीत ठेवा.